जागा तुझीच समज

गौरजाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घरात घड्याळ होतं, पण ते बघायची तिला गरज पडत नसे. चुलीवर चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत आदल्या संध्याकाळी बांधलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडायचं. लाल भाजी, मुळा, वालीच्या शेंगा. पहिल्या एसटीने आचऱ्याहून मालवणचा बाजार. टोपली रिकामी झाली की परत, पण घरी नाही. थेट मळ्यात.

भात कापून झाल्यावर त्याच शेतात भाजी करतात, त्याला आम्ही मळा म्हणतो. मळ्याला सगळं काम पाण्याचं. गौरजा बावीवरून, म्हणजे विहिरीवरून, दोन कळशा आणी, एक बांधावर ठेवी आणि दुसरीच्या तोंडाशी पंजा धरून बोटांमधून पाणी सोडी. असं केलं की कोवळ्या रोपाची माती वाहून जात नाही. घाईची बाई कळशी सरळ ओतते आणि दुसऱ्या दिवशी आडवी रोपं बघत बसते. मी चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, काम केलेला माणूस. घरं बांधली, जागांभोवतीचे दगडी गडगे बांधले. हातात काम असलेला आणि नसलेला मला लांबून ओळखू येतो. गौरजाच्या हातात काम होतं.

मळा मात्र कधीच तिचा नव्हता. इथले जमीनवाले शेताचा एखादा तुकडा, म्हणजे कुणगा, हंगामापुरता भाजीला देतात. अर्धेलीने. बी, शेण, पाणी, राखण करणाऱ्याची, आणि भाजीतला अर्धा वाटा मालकाचा. पाऊस जवळ आला की कुणगा परत. पुढच्या वर्षी तोच मिळत नाही, दुसरा मिळतो. एकाच माणसाने एकच जमीन वर्षानुवर्षं कसली तर कूळ लागतं, ही मालकाच्या पोटातली भीती. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कायदा आला तेव्हा कित्येक जमिनी कसणाऱ्या कुळांच्या नावावर झाल्या आणि मालक बघत राहिले. ते इथे कोणी विसरलेलं नाही. जमिनीत रान माजलं तरी चालेल, कूळ नको. अर्धा वाटासुद्धा मालक मळ्यातूनच गुपचूप उचलून नेतात, कोणाच्या डोळ्यांवर येऊ देत नाहीत.

म्हणून गौरजाला दर वर्षी नव्याने सुरुवात. कडक माती फोडायची, शेण घालून मऊ करायची, आणि मऊ झाली की देऊन टाकायची.

एकदा मी म्हटलं, "शेण वायच कमी घाल गो. पुढच्या वर्षी तू थोडीच असतलंस हंय?"

ती म्हणाली, "लवूदा, तू परक्याच्या घराचो चिरो वाकडो बसयतस काय?"

मी शेणाची पाटी उचलून वाफ्यात ओतली.

तिचा नवरा लवकर गेला. मुलगी समीक्षा दोडामार्गला खोली घेऊन राहते आणि रोज हद्दीपलीकडे गोव्यात कारखान्यात पॅकिंगला जाते. ती आईला बोलवी. गौरजा म्हणे, "तुझी खोली भाड्याची. थंय येवन काय करू? खिडकीत बसान गाड्ये मोजू?"

तिला हवी होती जमीन. घर नव्हे, ते होतं, नवऱ्याच्या वाट्याच्या दोन खोल्या. पण अंगणापलीकडे पाऊल टाकलं की दिराची हद्द. तिला माती हवी होती. आज घातलेलं शेण पुढच्या वर्षी आपल्यालाच सापडेल अशी माती. ती हे बोलून दाखवत नसे. बाजारातून येताना पाणंदीत एका जागी तिची चाल मंद होई, तेवढंच.

ती जागा बाबा तोंडवळकरांची. पाणंदीच्या कडेला बारा गुंठे, चारी बाजूंनी गडगा, कोपऱ्यात एक बाव, तिच्याशेजारी काजूचं झाड. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगा आणि सून सावंतवाडीला, म्हणून तेही तिकडेच. जागा कित्येक वर्षं पडीक. बाबा विकणार असं कळलं तेव्हा गौरजा पुढच्याच गाडीने सावंतवाडीला गेली. सोबत मला नेलं. सौदा झाला, साठेखत झालं, विसार दिला. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. तिचं नाव वडिलांच्या सातबाऱ्यावर नावापुरतं होतं, जमीन भावांकडे; तो दाखला तिने स्वतः खेपा घालून काढला. उरले पैसे बँकेत तयार. आता फक्त बाबांनी खरेदीखतावर सही करायची.

आणि तिथे गाडी अडली.

"बसा, बसा. चहा घ्या," बाबा म्हणत. घरात ते पुस्तकी मराठी बोलत, कचेरीतली सवय. "काम होणारच आहे. गणपती तोंडावर आलेत ना, तेवढे होऊ देत."

गणपती झाले. "पितृपक्षात खरेदी करतं का कोणी, गौरजा?"

पितृपक्ष संपला. "मोजणी करून घेऊ. मागाहून भानगड नको."

मोजणी झाली, खुणेचे दगड मीच पुरले. "पुतण्याची एक संमती घेतो. तो सध्या कामात आहे."

दर खेपेला चहा आणि बशीत गुळाचं खाजं. बाबांची सून अक्षया मायेने आणून ठेवी. परतीच्या गाडीत गौरजा म्हणाली, "खाजां खावन दात गेले माझे, जागा काय दिसत नाय."

दिवाळी गेली. गावात भात कापून झालं. गावातल्या जमीनवाल्या जानकीने तिला नेहमीप्रमाणे कुणगा देऊ केला होता. गौरजाने आपली जागा होणार म्हणून तो नाकारला होता. जानकीने तो दुसऱ्या बाईला दिला. आता मळे सगळ्यांचे सुरू झाले आणि गौरजाचे हात रिकामे. आम्ही पुन्हा सावंतवाडीला गेलो. बाबा भजनाला निघाले होते, पायात चपला घालत होते.

"बाबानू, हंगाम जाता. मी मळो खंय करू?"

बाबा घाईत होते. म्हणाले, "अगो, जागा तुझीच समज. आज ना उद्या तुझ्याच नावावर होणार आहे."

असं आपल्याकडे बोलतात. पाहुण्यालाही आपण म्हणतो, घर तुमचंच समजा. म्हणून पाहुणा काही शिडी लावून कौलं परतत नाही. पण गौरजाला कोणी जमिनीबद्दल 'तुझी' हा शब्द जन्मात वापरला नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाणंदीतून कोयत्याचा आवाज येत होता.

रान तिने एकटीने तोडलं. रानमोडीची मुळं पहारीने उचकटली, नुसती कापली नाहीत. बाव उपसायला मी उतरलो. गाळ निघाला तो तिने फेकू दिला नाही, वाफ्यांत घातला. वाफे असे धरले की पाणी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारखं जावं. त्या वर्षीसारखी लाल भाजी मी तिच्या हातचीसुद्धा पाहिली नव्हती. लोक पाणंदीत थांबून बघत. ती पदराने तोंड पुसून म्हणे, "बघू नका, दृष्ट लागात," आणि स्वतःच बघत उभी राही.

पहिली तोड झाली. तिने भाजीचे दोन सारखे वाटे केले. एक बाजाराला. दुसरा टोपलीत भरला, वर ओलं फडकं टाकलं आणि मला म्हणाली, "चल, सावंतवाडीक जावया."

"ह्यां कित्याक?"

"बाबांचो अर्धो."

"जागा तुझी समज म्हणाले ना ते?"

"म्हणाले. पण कागद खंय झालो? कागद होयसर अर्धो त्यांचो. आख्खा मी कसा खावू?"

कामापुरती जागा तिने आपली समजली. पिकापुरती बाबांची. उभा जन्म अर्धेल देऊन तिचा हात तसाच वळला होता.

भर दुपारी, शेजारीपाजारी ओट्यांवर बसलेले असताना, आम्ही टोपली घेऊन बाबांच्या दारात उभे राहिलो. अक्षया खूश झाली. टोपली घेऊन आत गेली. बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "अरे वा! बाजारातून आणलीस?"

"नाय बाबानू. आपल्या जागेतली. तुमचो अर्धो वाटो हाडलंय."

झोपाळा थांबला.

"कसला वाटा?"

"अर्धेलीचो."

बाबा उठले. पुस्तकी मराठी झोपाळ्यावरच राहिली. "खंड? कुळान घालूचो खंड माका घालतस? दारात येवन? लोकांच्या देखत? अगे अक्षया, ती भाजी टोपलीत टाक परत!"

आतून आवाज आला, "अहो बाबा, मुळे चिरले मी."

"चिरलेले पण टाक!"

गौरजाला काही कळेना. "बाबानू, कीड नाय हा भाजीक. सकाळचीच काढलेली."

"कीड नाय, कूळ आसा तिच्यात! आज वाटो घेतलंय, उद्या तू म्हणतलंस, मी बाबांक खंड दितंय, मी हंयचा कूळ. मगे जागा फुकट तुझी!"

"मी विकत घेतंय ती जागा. माझ्याच जागेत माझा कूळ कसा लागात?"

"तुझी खंय झाली अजून?"

"झाली नाय, म्हणानच अर्धो हाडलंय!"

दोघंही खरं बोलत होती. मी टोपली उचलली. चिरलेल्या मुळ्याच्या चकत्या वर होत्या.

आम्ही दारातून बाहेर पडताना बाबा जरा शांत झाले. म्हणाले, हवा तर विसार परत घे. नको असेल तर जागा मोकळी कर. सबंध एक वर्ष ती पड दिसू दे, कोणाचं पीक नको, कोणाचा पाय नको. मग मी सही करतो.

गौरजा म्हणाली, "पैसे नको. पैसे माझ्याकडे आधीपासून होतेच."

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेली नाही. सगळा मळा तिने उपटला. तयार झालेली भाजी उपटली, बोटभर वर आलेली रोपंही उपटली. गडग्याबाहेर पाणंदीत ढीग घातला, ज्याला हवं त्याने नेलं. मग फावडं घेऊन वाफे मोडले. वाफा मोडायला तो करण्याइतकेच कष्ट पडतात, हे न केलेल्याला पटणार नाही. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू रव थंयच. दोन माणसांचे पाय दिसतले." शेवटी ती उलटी चालत, आपली पावलं झाडूने पुसत बेड्यापर्यंत, म्हणजे गडग्यातल्या फाटकापर्यंत, आली आणि बेडं ओढून घेतलं.

समीक्षाने फोनवर ऐकलं आणि वकील करू म्हणाली. साठेखत होतं, दावा झाला असता. गौरजा म्हणाली, "दाव्याचा तोंड कोणी बघितला? कज्जात घेतलेल्या मातयेत माझो हात चलाचो नाय."

ते वर्ष तिने काजूच्या कारखान्यात काढलं. सावलीतलं काम, बसून करायचं, मजुरी वेळेवर. बाकीच्या बायका त्याला बरं काम म्हणत. गौरजाची बोटं चिकाने काळी झाली, कातडी सोलवटली. पहाटे चारची जाग गेली नाही. जुड्या नव्हत्या, बाजार नव्हता. चहा पिऊन ती उजाडायची वाट बघत बसे.

संध्याकाळी कारखाना सुटला की ती पाणंदीने येई. सरळ वाट होती, पण ती गडग्याच्या कडेकडेने जाई. सबंध गडग्याला बाहेरून वळसा. मध्येच थांबून आत बघायचं, परत चालायचं. गडग्यावर हातसुद्धा ठेवत नसे.

पावसात मोडलेल्या वाफ्यांमधून लाल भाजी आपोआप रुजली. मातीत न उगवता राहिलेलं बी. रानटी गवतातून ओळीने लाल पट्टे वर आले. ती बाहेरून बघत होती.

"किती कोवळी आसा. जून झाली की फुकट जातली."

मी म्हटलं, "मी उडी मारून काढू?"

"नको. तुझा कूळ लागात."

ती हसली. भाजी जून झाली, तुरे धरले, वाळली. गवताने ती झाकून टाकली. गौरजाने बावीत डोकावलं नव्हतं कधीपासून. मला विचारी, "पाणी केवढा असात रे आता?" मी गडग्यावर चढून बघे आणि सांगे. तहान लागल्यासारखी ती ते ऐके.

हिवाळ्यात गावात सगळीकडे मळे झाले. जानकीच्या कुणग्यात दुसरी बाई कळशी सरळ ओतताना दिसे. गौरजा मान फिरवी.

हंगाम सरला, ऊन तापलं, तेव्हा एका संध्याकाळी बाबा न कळवता गावात आले. मी पाणंदीतच एकाचा पडलेला गडगा लावत होतो. छत्री टेकत ते माझ्यापाशी आले. आपल्या जागेत बघितलं. गुडघाभर वाळलं गवत. एक पाऊल कुठे दिसत नव्हतं. मग खाली बघितलं. गडग्याच्या बाहेरून, अगदी लागून, एक वाट पडली होती. गवत दबून माती गुळगुळीत झालेली. सबंध जागेला वळसा घालून गेलेली.

"ही वाट कोणाची? गुरं जातात काय?"

"गौरजाची."

"आत जात नाय ती?"

"तुम्ही नको म्हणालात."

बाबा त्या वाटेवर उभे राहिले. पाणंदीपलीकडे उताराला भाताचे कुणगे आहेत, तिकडे बघत होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"ते सगळे आमचे होते. कुळांक गेले. माझो बापूस रोज तिनसांजेक हंय येवन उभो रवायचो. आवस आमका पाठवी, जा, बापसाक जेवक बोलव. आम्ही हाक मारू. तो ऐकायचो नाय." मग छत्रीने गडग्याच्या आत दाखवत म्हणाले, "हो एकच तुकडो रवलो. मी सही करूक बसतंय आणि माका तो हंय उभो दिसता. गणपती, पितृपक्ष, पुतण्यो... पुतण्याक मी विचारूकच नाय."

एव्हाना कारखाना सुटला होता. गौरजा पाणंदीने आली. बाबांना बघून थांबली. शेवटचं बोलणं तिने ऐकलं असावं. चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. काळी बोटं पदरात गुंडाळून उभी राहिली.

"बाबानू, होयत नसात तर करू नका सही."

बाबा त्या वाटेकडे बघत राहिले.

"पण मी रोज संध्याकाळी हंय येतंय. तुमचो बापूस यायचो तसाच. त्यांका बोलवूक तुम्ही तरी होतास. माका कोण बोलवूक नाय. येव की नको, तेवढा सांगा. नको म्हणालात तर उद्यापासून सरळ वाटेन घराक जातंय."

बाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. गडग्यावरचा एक सुटा चिरा हलवून बघितला, परत बसवला. वाकडा बसला, पण मी मधे पडलो नाही.

"सोमवारी मालवणला ये," ते म्हणाले. पुन्हा पुस्तकी मराठी. "पैसे आणि दोन साक्षीदार घेऊन ये."

सोमवारी आम्ही मालवणच्या नोंदणी कचेरीत वेळेआधी गेलो, तर बाबा आमच्याही आधी येऊन पायरीवर बसले होते. आत यंत्रावर गौरजाच्या बोटांचे ठसे उठेनात. काजूच्या चिकाने कातडी गेली होती. लिंबू लावून, पुसून, पुन्हा पुन्हा दाबून एकदाचा अंगठा उमटला. बाबांनी सही केली. प्रत्येक पानावर, सावकाश, वळणदार. शेवटच्या पानावर पेन उचलायला त्यांना वेळ लागला. बाहेर आल्यावर ते गौरजाला म्हणाले, "बावीचं पाणी आटत नाही हं कधी." आणि एसटी स्टँडच्या दिशेने निघाले. मागे वळून बघितलं नाही.

गावात उतरलो तेव्हा दुपार कलली होती. मला वाटलं, ही आता घरी जाऊन पहार घेऊन येईल. ती बेडं काढून आत गेली, गवतातून चालत बावीपाशी पोचली आणि काजूच्या झाडाखाली बसली. नुसती बसली. लावायला काही नव्हतं, हंगाम गेलेला. गुडघेही आता आधीचे नव्हते. हाताशी गवताची काडी आली तीही तिने उपटली नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, कामाशिवाय बसलेली कधी पाहिली नव्हती.

"वेळार गावली असती तर," एवढंच ती म्हणाली.

मी पाणंदीत आलो. वरच्या वाडीतली सीता डोक्यावर सरपण घेऊन चालली होती. तिला गडग्यावरून फक्त गौरजाचं डोकं दिसलं.

"गौरजे, कोणाच्या जागेत बसलंस गो उनाची?"

गौरजा काहीतरी पुटपुटली.

"काय? आयकाक नाय येयत."

"माझ्या!"

"मगे बस," सीता म्हणाली आणि मोळी सावरत पुढे गेली.

गौरजा दिवस मावळेपर्यंत बसली होती. मळ्यातली मेहनत, बाजारातली कमाई, काजूच्या चिकातलं ते वर्ष, सगळं मिळून तिने घेतलं ते एवढंच: बारा गुंठे वाळलं गवत, एक बाव आणि काजूच्या एका झाडाची सावली.